भिंतीकडचं दार आणि बांगड्याचा वास

देवरूखहून एका वहिनींचं चार पानी पत्र आलं आहे. सगळं छापणं शक्य नाही, म्हणून गोषवारा देते. घरात माणसं पाच. सोळा वर्षांचा १९० लिटरचा सिंगल डोअर फ्रिज आता थकला आहे. दाराचं रबर सुटलंय, फ्रीझरमध्ये आठवड्याला बर्फाचा डोंगर होतो. नवा घ्यायचा यावर एकमत, कुठला यावर चार मतं. मिस्टरांना दोन उभ्या दारांचा साइड बाय साइड हवा. कॉलेजातल्या लेकीला फ्रीझर खाली असलेला. सासूबाईंना पुन्हा सिंगल डोअरच, कारण त्याला खाली कांदे-बटाट्यांचा खण असतो. वहिनींचं स्वतःचं मन वर फ्रीझर असलेल्या डबल डोअरवर आहे. बजेट ३० ते ३५ हजार. जागा म्हणजे ओट्याचं टोक आणि उजवीकडची भिंत यांच्यामधली ६६ सेंटिमीटरची फट. किती लिटरचा, किती स्टारचा, जुना ठेवावा की काढावा, गणपतीच्या ऑफरपर्यंत थांबावं का, असे प्रश्न आहेत. आणि पत्राच्या शेवटी, समासात आडवं लिहिलेलं: ‘सासूबाईंचं सोमवारचं दूध आणि आमचे बांगडे एकाच फ्रिजमध्ये. दूध तोंडाजवळ नेलं की त्या तोंड फिरवतात. यावर काही आहे का?’

वहिनी, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. तुम्ही समासात लिहिलंत तोच खरा प्रश्न आहे असं मला वाटतं, आणि त्याचं उत्तर लांब आहे. त्याआधी तुमची ६६ सेंटिमीटर उरकून घेऊ, कारण घरातली निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

साइड बाय साइड फ्रिज साधारण ९० सेंटिमीटर रुंद असतो. तो तुमच्या फटीत जाणार नाही, ओटा फोडल्याशिवाय. मिस्टरांना टेप हातात द्या आणि मोजायला सांगा, तुम्ही काही बोलूच नका. लेकीची मागणी वाईट नाही, खालचा फ्रीझर कंबरेला सोयीचा पडतो. पण तसे फ्रिज महाग असतात आणि तुमच्या मापात, तुमच्या पैशात निवडीला फारसं काही उरत नाही. म्हणजे राहिला तुमचा डबल डोअर आणि सासूबाईंचा सिंगल.

आता एक गोष्ट नीट बघा. भिंत उजवीकडे आहे म्हणता. आपल्याकडच्या बहुतेक फ्रिजच्या बिजागऱ्याही उजवीकडेच असतात. म्हणजे दार भिंतीच्या बाजूला उघडणार. ६६ मध्ये ६० चा फ्रिज बसतो, आणि दुकानदार ‘आरामात बसेल’ म्हणेल. बसेलही. पण दार काटकोनात आलं की भिंतीला टेकणार, आणि भाजीचा ट्रे ओढायला दार काटकोनाच्या थोडं पुढे जावं लागतं, कारण दाराच्या आतल्या बाटल्यांचे कप्पे मध्ये येतात. मग काय होतं ते मला विचारा. माझ्या आधीच्या घरात मी हेच केलं. सात वर्षं भाजीचा ट्रे तिरका करून, अर्धा उचलून, कोथिंबीर बोटांनी चाचपून काढत होते. काकडी काढायची तर आधी कोबी बाहेर. तेव्हा भिंतीच्या बाजूला निदान आठ सेंटिमीटर सुटले पाहिजेत, ओट्याकडे दोन. राहिले ५६. तुमचा फ्रिज ५५-५६ सेंटिमीटर रुंदीचा हवा, आणि त्या रुंदीत डबल डोअर साधारण २४० ते २६० लिटरचे मिळतात. ३०० च्या पुढचे अंगाने ६० च्या आसपास जातात, म्हणून ते बादच. किती लिटर हे आपण ठरवायचं असं वाटतं, पण तुमच्याकडे ते भिंतीने ठरवलंय. काही मॉडेलना दार डावीकडे फिरवून बसवता येतं. तसं मिळालं तर सोन्याहून पिवळं, पण दुकानदाराच्या तोंडी भरवशावर घेऊ नका, पुस्तिकेत लिहिलेलं दाखवायला सांगा.

मापं घेताना पाठीमागची फटही धरा. पुस्तिकेत सांगितलेली असते, आणि नसलीच तर चार बोटं सोडा. आणि घराच्या दाराची चौकट मोजा. जुन्या कोकणी घरांची दारं ठेंगणी, उंबरे उंच. फ्रिज ओटीवर येऊन अडकलेला मी पाहिलाय, पाच माणसं, एक टेम्पोवाला आणि प्रत्येकाचा वेगळा सल्ला.

पाच माणसांना २६० लिटर पुरतील का? पुरतील, पण आकड्यावर जाऊ नका. त्यातले पन्नास-साठ लिटर फ्रीझरचे असतात. शिवाय स्टारच्या लेबलवर दोन आकडे असतात, एकूण क्षमता आणि प्रत्यक्ष सामान राहील ती. दुकानाच्या पाटीवर मोठा असतो, तुम्ही धाकटा बघा. त्याहून बरं म्हणजे घरातलं पातेलं घेऊन जा. खरंच. मी दुधाचं तीन लिटरचं पातेलं झाकणासकट पिशवीत घालून दुकानात गेले होते. विक्रेत्या मुलाने आधी माझ्याकडे, मग पातेल्याकडे पाहिलं. पण त्या दिवशी पाहिलेल्या चार फ्रिजपैकी दोघांत ते पातेलं कुठल्याच कप्प्यात उभं राहीना; काचा वरखाली करायला खाचा होत्या, पण एक काच वर घेतली की तिच्यावरचा कप्पा ताटलीपुरता उरायचा. फ्रिज बनवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पाण्याच्या बाटल्या आणि अंडी असतात. आपल्याकडे सायीचं भांडं, विरजण, ताक, डोशाचं पीठ, मोडाची मटकी आणि कालची आमटी असते, सगळं गोल आणि उंच. दोन पातेली शेजारी शेजारी राहिली पाहिजेत, हा माझा निकष.

आता समासातला प्रश्न.

सिंगल डोअरमध्ये वरचा बर्फाचा खण हाच थंडीचा झरा. त्याच्या भिंती गार होतात आणि गार हवा आपोआप खाली उतरते. पंखा नाही. हवेतली ओल त्या भिंतींवरच गोठते, म्हणून बर्फ साचतो आणि मधलं बटण दाबून तो वितळवावा लागतो. डबल डोअरमध्ये, म्हणजे ज्याला फ्रॉस्ट फ्री म्हणतात त्यात, गार होणारी नळ्यांची जाळी फ्रीझरच्या मागच्या पत्र्याआड लपवलेली असते. एक पंखा तिच्यावरून हवा ओढतो, थोडी फ्रीझरमध्ये सोडतो, थोडी खालच्या भागात, आणि तीच हवा परत वर येते. जाळीवर जमलेला बर्फ एक छोटा हीटर अधूनमधून वितळवतो आणि पाणी मागच्या नळीने कॉम्प्रेसरवरच्या तबकात जाऊन उडून जातं. तुमचा बर्फाचा डोंगर गेला, हा मोठाच फायदा. पण लक्षात आलं का? वरची आणि खालची हवा एकच. वर फ्रीझरमध्ये बांगडे पिशवीत अर्धवट गुंडाळलेले असतील, तर त्यांच्यावरून गेलेली हवा सासूबाईंच्या दुधावर येते. सिंगल डोअरमध्येही वास लागतो. फ्रॉस्ट फ्रीमध्ये तो पंख्याने पोचवला जातो.

म्हणून नुसता डबल डोअर आणलात तर तुमचं दुखणं कमी होण्याऐवजी वाढेल. दोन वाटा आहेत. काही मॉडेलमध्ये वरच्या आणि खालच्या भागाची गार करणारी जाळी वेगवेगळी असते, पंखेही दोन. त्यात हवा मिसळत नाही. दुकानात विचारताना ‘वासाचा फिल्टर आहे का’ असं विचारू नका, त्याला सगळेच हो म्हणतात. ‘फ्रीझरला आणि फ्रिजला कूलिंग कॉइल वेगळी आहे की एकच आहे’ असं विचारा. तसे फ्रिज बहुतेक थोडे मोठे आणि महाग असतात. तुमच्या ५६ सेंटिमीटरमध्ये आणि ३५ हजारांत एखादा सापडला तर तोच घ्या, बाकी काही बघू नका.

नाही सापडला तर दुसरी वाट, जी मी वापरते. मासे धुऊन, पाणी निपटून, रबराच्या कडेच्या घट्ट झाकणाच्या डब्यात. पिशवी नाही. डबे फक्त माशांचेच, झाकणावर ओळखीला खूण. आणि पावसाळ्यात जे सगळे करतात ते करू नका: सुकट, सोडे, सुके बोंबील दमट होतात म्हणून उघड्या कागदात फ्रिजमध्ये. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा कोकणातल्या निम्म्या फ्रिजांना येणारा वास ताज्या माशांचा नसतोच, या सुक्याचा असतो. काचेच्या बरणीत घाला. दुधालाही झाकण हवं; दूध, लोणी आणि साय वास सगळ्यात आधी धरतात. मी दूध जाळीखाली ठेवायची, माझ्या आईसारखं. जाळी मांजरासाठी होती हो, बांगड्यासाठी नव्हे.

सोवळ्याचा भाग असेल, म्हणजे वास नाही तरी एकत्र नको असं सासूबाईंचं म्हणणं असेल, तर त्याला कुठल्याही कंपनीकडे यंत्र नाही. पण फ्रीझर वर आणि त्याचं दार वेगळं, ही त्यांना समजावण्याजोगी गोष्ट आहे. मासे वरच्या दाराआड, दूध खालच्या. सिंगल डोअरमध्ये दोघांना एकच दार होतं. हे त्यांना तुम्ही न सांगता लेकीने सांगितलं तर जास्त चालेल, असं पत्रावरून वाटतं.

त्या पंख्याची आणखी एक गंमत, जी कोणी सांगत नाही. त्याची हवा कोरडी असते. झाकण नसलेल्या कणकेवर अर्ध्या दिवसात पापुद्रा येतो, खवलेला नारळ चिपाडासारखा होतो, कोथिंबीर मान टाकते. सिंगल डोअरमधून आलेल्या बायका पहिले दोन महिने फ्रिजला शिव्या देतात. सगळ्याला झाकण, एवढाच उपाय. आणि फ्रीझरच्या मागच्या पत्र्याला झरोके असतात, त्यांच्यासमोर सामान कोंबायचं नाही. एका जानेवारीत मी सोललेल्या मटारच्या पिशव्या भिंतीसारख्या रचल्या. वर मटार दगड, खाली दूध नासलं. मेकॅनिक आला, दोन पिशव्या बाहेर काढल्या, ‘ताई, हवेची वाट अडवलीत’ म्हणाला आणि भेटीचे पैसे घेऊन गेला. तीन मिनिटं लागली त्याला.

सासूबाईंच्या खणाबद्दल त्या बरोबर आहेत, डबल डोअरला तो बहुधा नसतो. पण सिंगल डोअरचा तो खण गार होतच नाही, नुसतं कपाट आहे ते. कांदे-बटाट्यांना थंडी नकोच असते. फ्रिजमध्ये ठेवलेला बटाटा गोडसर होतो. ओट्याखाली वाऱ्याला एक तारेची टोपली टांगा. त्यांची खरी अडचण वेगळी असणार, तुम्ही त्यांच्या गुडघ्यांचं लिहिलंत. फ्रीझर वर असला की भाजी जमिनीजवळ जाते आणि दिवसातून वीस वेळा लागतं ते सगळं खाली. फ्रीझर दोनदा उघडतो, वाकावं मात्र रोजच्या कामासाठी लागतं. या फ्रिजचा हा एक दोष मला मान्य आहे. लोखंडी पक्कं स्टँड करून घ्या, सहा इंच उंचीचं, चाकं नकोत. २६० लिटरचा फ्रिज दीड मीटरच्या आसपास उंच असतो, त्यात सहा इंच धरले तरी तुमचा हात फ्रीझरच्या तळापर्यंत सहज जाईल. पावसात लादी ओली असते तेव्हाही स्टँड उपयोगी. आणि दूध, ताक, उरलेलं असं सारखं लागणारं वरच्या दोन काचांवर, भाजी खाली. त्यांना वाकावं लागेल ते फक्त भाजीला, आणि भाजी तुम्ही निवडता.

स्टारचं लवकर सांगते. तारे मोजू नका, लेबलवर वर्षाला किती युनिट लिहिलंय ते वाचा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे सिंगल डोअरचे आणि फ्रॉस्ट फ्रीचे निकष वेगळे आहेत, म्हणून तीन स्टारचा सिंगल आणि तीन स्टारचा डबल सारखी वीज खात नाहीत; डबल जास्त खातो. शिवाय निकष दर काही वर्षांनी कडक होतात. लेबलवर त्याचा कालावधी छापलेला असतो, तो संपलेला जुना माल जास्त तारे मिरवत असू शकतो. डबल डोअरमध्ये तुम्हाला बहुतेक दोन-तीन तारेच दिसतील, घाबरू नका. समजा एकावर २३० युनिट आहेत आणि दुसऱ्यावर १९०. फरक ४० युनिट. १० रुपयांनी धरलं तर वर्षाचे ४००. दुसरा चार हजारांनी महाग असेल तर वसूल व्हायला दहा वर्षं. हजार-दीड हजाराचा फरक असेल तर घ्यावा.

इन्व्हर्टर कॉम्प्रेसर घ्या. त्याचा घरच्या बॅटरीच्या इन्व्हर्टरशी संबंध नाही, नावाचा घोळ आहे. साधा कॉम्प्रेसर एकदम चालू, एकदम बंद असा धडपडतो. हा वेग कमीजास्त करतो, आवाज कमी, वीज कमी. पण त्याच्या पाठीत इलेक्ट्रॉनिक पाटी (सर्किट बोर्ड) असते आणि देवरूखच्या विजांना ती आवडते. कॉम्प्रेसरवर दहा वर्षांची वॉरंटी मोठ्या अक्षरात लिहितात. पाटीवर, गॅसवर आणि मेकॅनिकच्या फेरीवर किती, हे बारीक अक्षरांत असतं. ते वाचून घ्या, आणि पाटीसाठी वाढीव वॉरंटी मिळत असेल तर या एका वस्तूवर मी ती घेईन. अर्थिंग वायरमनकडून तपासा. ‘स्टॅबिलायझर लागत नाही’ म्हणतात त्याच्यापुढे किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत, ते लिहिलेलं असतं. तुमच्याकडे संध्याकाळी दिवे किती मंदावतात ते वायरमनला मोजायला सांगा आणि मग ठरवा.

आणखी एक अक्षर बघा, T. मागच्या पट्टीवर हवामानाचा वर्ग लिहितात. T म्हणजे ४३ अंशांपर्यंतच्या हवेसाठी केलेला, N म्हणजे फक्त ३२ पर्यंत. बाहेर ३४ असलं तरी गॅसशेजारच्या स्वयंपाकघरात किती होतं ते तुम्हाला माहीत आहे. उन्हाळ्यात फ्रिजचं अंग बाजूंनी कोमट लागेल, ते बरोबर आहे. आतली उष्णता तिथूनच बाहेर जाते. लगेच फोन करू नका.

कुठल्या कंपनीचा, हे तुम्ही विचारलं नाहीत ते बरं केलंत. आपल्याकडे मिळणारे बरेचसे फ्रिज पुण्याजवळ रांजणगाव आणि शिरवळलाच बनतात. ज्या गावाच्या नावातच रांजण आहे तिथे फ्रिजचे कारखाने यावेत, याचं मला दर वेळी हसू येतं. तेव्हा कंपनीपेक्षा मेकॅनिक बघा. देवरूखच्या तीन घरांत विचारा: फ्रिज बिघडला तेव्हा माणूस कुठून आला, किती दिवसांनी आला. रत्नागिरीहून दोन दिवसांत येतो की कोल्हापूरहून दहा दिवसांनी, एवढ्यावर निवड करा. आत हवामान दाखवणारा पडदा, रंगीत दिवे, दारातलं पाण्याचं नळकांडं, यांतलं काही नको. फ्रीझरचा फ्रिज करता येतो म्हणतात ती सोय मात्र तुमच्या घरी गणपतीत कामाला येईल, मासे बंद आणि दूध-भाजी दुप्पट असते तेव्हा. फुकट मिळाली तर घ्या, तिच्यासाठी तीन हजार देऊ नका.

जुना फ्रिज ठेवू नका. ‘पाण्याच्या बाटल्यांना राहू दे’ असं घरात कोणीतरी म्हणेलच. सुटलेल्या रबराचा फ्रिज दिवसरात्र चालतो आणि त्याची युनिटं तुमचं बिल वरच्या टप्प्यात ढकलतात. १०० च्या किंवा ३०० च्या पलीकडे गेलं की पुढच्या प्रत्येक युनिटचा दर वेगळा. बदल्यात द्या. भंगारवाल्याला दिलात तर तो अंगणातच नळी कापून गॅस सोडतो, ते होऊ देऊ नका.

गणपतीसाठी थांबा, पण गणपतीत घेऊ नका. त्या आठवड्यात टेम्पो मिळत नाही, मेकॅनिक मुंबईहून गावी येणाऱ्यांच्या घरी अडकलेला, आणि तुमच्याकडे तीस माणसं. निदान पंधरा दिवस आधी आणा, म्हणजे काही खोट असली तर तेवढ्यात कळते. टेम्पोत उभाच आणायला सांगा. आंबा घाटातून किंवा चिपळूणहून येताना आडवा टाकून आणला, तर कॉम्प्रेसरचं तेल नळ्यांत जातं. मग रात्रभर उभा ठेवून सकाळी लावा. लावल्यावर दहाची नोट दारात धरून दार बंद करा आणि ओढा. चारी बाजूंनी घट्ट यायला हवी, कुठे सहज सुटली तर दुकानदाराला तेव्हाच फोन.

लाइट जाण्याचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण पावसाळ्यात जाणारच. दार न उघडता खालचं सामान चारेक तास नीट राहतं, गच्च भरलेला फ्रीझर त्याहून बराच जास्त. तुम्ही दोन दिवस रत्नागिरीला गेलात आणि परत आल्यावर लाइट चालू आहे, पण मध्ये किती वेळ गेली होती कोणाला ठाऊक? यासाठी एक वाटी पाणी फ्रीझरमध्ये गोठवा आणि त्या बर्फावर रुपयाचं नाणं ठेवून द्या. परत आल्यावर नाणं बर्फाच्या वर असेल तर मासे शिजवा. नाणं वाटीच्या तळाशी जाऊन गोठलेलं दिसलं, तर मधल्या काळात सगळं वितळून पुन्हा गोठलंय. ते मासे टाका, मांजरालाही घालू नका.